ठकूबाईंचं मत

पुण्याहून निघालो तेव्हा माझ्या पिशवीत लाखेची कांडी, दोरा, शाईची बाटली आणि मतदारांची यादी होती. मी सरकारी कचेरीतला साधा कारकून. पोटनिवडणुकीसाठी महाळुंग्याच्या मतदान केंद्रावर अध्यक्ष म्हणून माझी नेमणूक झाली होती, आणि दोन दिवसांपुरतं लोक मला साहेब म्हणणार होते.

मोशीला एसटीनं इंद्रायणी ओलांडली. थंडीच्या दिवसांत नदी आक्रसली होती. पुढं चाकणपर्यंत दुतर्फा कांद्याचे हिरवे वाफे. भुईकोटाच्या पडक्या तटाजवळ उतरलो आणि तालुक्याहून आलेल्या चार रिकाम्या लोखंडी पेट्या ताब्यात घेतल्या. उमेदवार चार, म्हणून पेट्या चार; प्रत्येकीवर एकेकाचं चिन्ह. मतदारानं पडद्याआड जाऊन आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची.

मला आणि बरोबर दिलेल्या पोलिसाला न्यायला महाळुंग्याचा सोपान बैलगाडी घेऊन आला होता. तिशीचा, बोलका गडी. ओढ्यात शिवळ (जुवाची खुंटी) मोडली, तेव्हा त्यानं बाभळीची फांदी तासून नवी बसवली आणि म्हणाला, "साहेब, आमच्या गावाचं काम लई सोपं हाय. समदी मतं एकाच पेटीत. बाकीच्या तीन रिकाम्याच न्या." एका उमेदवाराचं गावातलं सगळं काम तोच पाहत होता. तो उमेदवार मनातून मलाही पसंत होता, म्हणून मी नुसता हसलो.

संध्याकाळी पोलीस पाटलांच्या ओसरीवर बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) जेवलो.

सकाळी शाळेच्या खोलीत घोंगडी टांगून पडदा केला. लोक उजाडल्यापासून उभे होते. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली होती. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

दुपारी सोपान एका म्हाताऱ्या बाईंचा हात धरून आला. "ही माझी चुलती, ठकूबाई. तिला दिसत न्हाई. चिठ्ठी द्या हिकडं, मी टाकतो."

"न्हाई," ठकूबाई म्हणाल्या. "मागल्या निवडणुकीला ह्यानं मला घरीच बसीवलं. आंधळीचं मत नसतं म्हनला. साहेब, खरं का ते?"

"खरं नाही, आजी. यादीत तुमचं नाव आहे. मी तुमच्याबरोबर आत येतो. नियमानं दुसऱ्या कुणाला येता येत नाही."

"कुनाला सांगाल का?"

"नाही."

सोपानचा चेहरा उतरला, पण तो दारातच थांबला. ठकूबाईंनी माझं कोपर धरलं. पडद्याआड गेल्यावर त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणून चिन्ह सांगितलं. ते सोपानच्या उमेदवाराचं नव्हतं. म्हणजे माझ्या पसंतीचंही नव्हतं. तो माणूस निवडून आला तर या मुलखाचं वाटोळं होईल, असं माझं ठाम मत होतं.

सोपानची पेटी अगदी जवळ होती. त्यांना हवी होती ती पलीकडच्या भिंतीशी, आणखी दोन पावलांवर. मी जवळच्या पेटीपाशीच थबकलो.

"हितंच का?" त्यांनी विचारलं.

आत तिसरं कुणी नव्हतं. शिवाय यात त्यांचंच भलं आहे, असंही मला वाटून गेलं. माझ्या तोंडून 'हो' निघणारच होतं.

"हितंच का, साहेब?" त्यांनी पुन्हा विचारलं. त्या आवाजात संशयाचा लवलेशही नव्हता. मला भयंकर लाज वाटली.

"नाही, आजी. अजून पुढं."

मी त्यांना भिंतीशी नेलं. त्यांनी बोटांनी फट चाचपली, चिठ्ठी आत सोडली आणि पेटीवर क्षणभर तळवा टेकवला. "गेली?"

"गेली."

दारात सोपाननं मला अडवलं. "कुटं टाकलं तिनं?"

"ते मला सांगता येत नाही."

"मी पोसतो साहेब तिला!"

"तरीही नाही."

तो पाय आपटत निघून गेला. मतदान संपलं, पेट्यांना लाख लागली, पण सोपानची गाडी आली नाही. पाटील ओशाळून म्हणाले, "बैल दमल्यात म्हनतोय." दुसरी गाडी लगेच मिळेना. तेव्हा पारावर बसलेला एक म्हातारा शेतकरी उठला. "पेट्या आमच्याच हायेत न्हवं? मग नेतो की आमीच." त्याच्यामागून आणखी तिघं उठले. त्यातल्या दोघांची आदल्या संध्याकाळीच ओसरीवर उमेदवारांवरून हमरीतुमरी झाली होती. कुणाच्या डोक्यावर कुणाची पेटी आली, हे कुणी पाहिलं नाही. पोलीस पुढं, मी मागं, असे चालत आम्ही दिवेलागणीला चाकण गाठलं.

घरी परतल्यावर बायकोला सगळा प्रवास सांगितला. "मग त्या बाईंनी मत दिलं कुणाला?" तिनं विचारलं. मी नकारार्थी मान हलवली.

पुढं निकाल लागला. ठकूबाईंचा माणूस आला की पडला, हे मी इथंही लिहीत नाही. लोकांचं भलं आपल्याला कळतं, अशा समजुतीनं मी त्या गावात गेलो होतो. राज्य कुणाचंही येवो, ते अशाच कुणीतरी परक्या माणसाचं कोपर धरून, न पाहता टाकलेल्या पावलांवर उभं राहतं. आणि त्या दुपारी मी ठकूबाईंना दोन पावलं अलीकडेच थांबवणार होतो.