खंडेनवमीचं पाणी

"पेटीत पाणी गेलं, हे वाक्य काढ."

"मग काय लिहू, साहेब?"

"देखभालीत हलगर्जी झाली. संपलं."

"हलगर्जी कुणाची?"

"नाव कशाला लिहायचं? खाली सही तुझीच राहणार."

दूध संघाच्या शिरूर ऑफिसचे मॅनेजर पोपटराव यांनी रिपोर्ट परत करुणाकडे सरकवला. शेजारीच, पेपरवेटखाली, तिची कायम नोकरीची ऑर्डर होती. चार वर्षं ती या कागदाची वाट बघत होती.

करुणा न्हावऱ्याची. बाप म्हस्कू, जन्मभर टेलिफोनच्या केबलीसाठी चर खणत राहिला. "चर आपला, बोलणं लोकांचं," म्हणून हसायचा. घरात फोन नव्हता. पोर पाबळला वायरीचं काम शिकली. संघानं शिरूर ऑफिस आन् दौंडचं शीतकरण केंद्र इंटरनेटवरच्या फोननं जोडलं, तवा त्या फोनची पेटी सांभाळायचं काम तिच्या गळ्यात आलं. दौंडला इकडचं ऐकू जातंय पण तिकडचं इकडं येत नाही, असं झालं की रविवारीसुद्धा एसटी धरून यायची, दहा मिनिटांत आवाज जागेवर आणायची.

खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा. करुणानं आधीच पेटीवर प्लास्टिक घातलं. पोपटराव म्हणाले, "तुम्हा बौद्धांत हे चालत न्हाई ना? मग बस घटकाभर बाहेर." ती पायरीवर बसली. आत चेअरमनच्या बायकोनं प्लास्टिक काढलं आन् आंब्याच्या पानानं पेटीवर हळदीकुंकवाचं पाणी शिंपडलं. आत पाणी जाऊन पेटी गेली. त्याच दुपारी दौंडचा टँकर वाटेत बंद पडला. दुसरा टँकर मागायला दौंडवाले शिरूरला फोन लावून थकले. पोपटरावांचा मोबाईल बंद करून, कुंकू लावून देवापुढं ठेवलेला. सगळं दूध नासलं.

"पेटीत हळद निघाली, साहेब. तुम्हाला दाखवली होती."

"आता पुसली ना? वहिनीसाहेबांचं नाव कागदावर आणतीस? तुला आत घेतलं, खुर्ची दिली."

"त्या दिवशी तर बाहेर बसवलं होतं. तुमचा मोबाईल पण लिहू का?"

पोपटरावांचा चेहरा उतरला. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

"हां, दौंड, बोला. येतोय, साफ येतोय." रिसीव्हर ठेवून ते एकदम मऊ झाले. "बघ, कसा खणखणीत आवाज. दुरुस्त तूच केलंस ना? मग चूक बी तुझीच म्हणलं तर कुठं बिघडलं? सही कर, ऑर्डर उचल, म्हस्कूला पेढे ने."

करुणानं पेनला टोपण लावलं. स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला. पेटीच्या कपाटाची किल्ली काढून ऑर्डरवर ठेवली.

"अगं, काय ठरलं मग? उद्या आवाज गेला तर कोण बघणार? करुणा."

तिनं दारात चपला घातल्या, ती पायरी उतरली आन् स्टँडच्या दिशेनं चालू लागली.