पाऊण गं, गाढवे!

ब्राइनामावशीनं आम्हा ज्यूंचा धर्मग्रंथ तालमूद चुकीचा वाचून वाचून नवऱ्याला मारलं, असं आमच्या गावात बोलतात. पाववाली त्सिपा तर नाकातून सूर काढते, "बिच्चारा गेत्सल! तीन डॉक्टरांना पुरून उरला, पण बायकोच्या वाचनापुढं हरला गं!"

साफ खोटं. त्या चुकांवरच तो दहा आठवडे जगला.

गेत्सल अभ्यासघराचा राखणदार. भट्टी पेटवायची, बाकं पुसायची आणि उरलेला वेळ तालमूदच्या पानाशी भांडायचं. घरीही चाळीस वर्षं तो हेल काढून मोठ्यानं वाचायचा आणि ब्राइना चुलीपाशी बटाटे सोलायची. त्या ग्रंथांना बाईनं हात लावायची रीत नव्हती. कान मात्र तिचे तिच्यापाशीच होते.

हिवाळ्यात, हनुका सणाच्या दिवसांत त्याचं अर्धं अंग गेलं. डोळे मिटले ते मिटलेच. तिनं हाका मारल्या, चिमटे काढले, कोंबडीचं सूप ओठांना लावलं. सूप दाढीतून ओघळलं.

डॉक्टर म्हणाला, "बाई, शुद्धीवर आला नाही तर गिळणार नाही. गिळलं नाही तर आठवडाभर."

तेव्हा तिनं फळीवरचा जाडजूड ग्रंथ ओढला. अक्षरं धड लागत नव्हती, पण पान कानात होतं. त्याच्याच हेलात तिनं सुरू केलं. दोघांनी एकच झगा धरलाय. एक म्हणतो सगळा माझा, दुसरा म्हणतो निम्मा माझा. "मग पहिल्याला," घाबरलेली ब्राइना म्हणाली, "दोन तृतीयांश."

उशीवर खरखर झाली. "पा... पाऊण! पाऊण गं, गाढवे!"

तोंड उघडलं होतं. तिनं चमचा आत सारला. त्यानं गिळलं.

ती चूक खरी होती. पुढच्या सगळ्या मुद्दाम. ती ग्रंथातल्या अबाये पंडिताचं म्हणणं रावा पंडिताच्या तोंडी घालायची, बैलाचा निवाडा गाढवाला लावायची. तो फणकारला की चमचा आत. एका पानाला सात चमचे.

अभ्यासघरात शिकणारा मी खिडकीतून हे ऐकायचो आणि बाजारभर तिची नक्कल करायचो. "दोन तृतीयांऽऽश!" हे तर सात वर्षांच्या पोरालाही येतं! एकदा तिला तोंडावरच म्हणालो, "मावशी, एक अख्खं पान न चुकता म्हणून दाखवा. एका हेरिंग माशाची पैज!"

"लावली," ती म्हणाली. "पण वेळ मी ठरवणार. आत्ता मला परवडणार नाही."

वसंतातला पुरिमचा सण तोंडावर आला असताना एका सकाळी ती म्हणाली, "दोन तृतीयांश." उशी गप्प. "बरं, निम्मा." काहीच नाही. तिनं आवाज चढवला, "अहो, सगळा झगा चोराला! असंच लिहिलंय इथं!"

चमच्यातलं सूप गार झालं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "चुकले ना मी? सांगा ना."

सुतकाचे सात दिवस अभ्यास वर्ज्य. ती जमिनीलगतच्या बाकड्यावर बसून राहिली. लोक येत, रितीप्रमाणे उकडलेली अंडी देत, तिच्या वाचनावर कुजबुजत निघून जात.

आठव्या दिवशी तिनं मला बोलावलं. ग्रंथ मिटलेला, डोळेही मिटलेले. तिनं पहिलं अख्खं पान म्हटलं, अबायेचं अबायेला, रावाचं रावाला. कान टवकारून बसलो होतो, एक काना इकडचा तिकडे झाला नाही. फक्त झग्याच्या वाटणीपाशी ती थांबली, रिकाम्या खाटेकडे तोंड करून जरा वेळ वाट बघितली, आणि मग म्हणाली, "पाऊण."

हेरिंग मी त्याच दुपारी नेऊन दिला.