काकांच्या नावाखालची ओळ
परवा लेकीची पेटी उघडली, वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचा वास आला आणि भाटाची पोथी आठवली. धान निघालं की आमच्या गोरेगावकडच्या गावात वंशावळ सांगणारा भाट यायचा, आणि तो लाल फडकं सोडायचा तेव्हा पोथीतून हाच कडवट वास सुटायचा. मी वीसेक वर्षांचा असताना माझी चुलत बहीण नवरा वारल्यावर माहेरी परतली. काकांना मुलगा नव्हता. त्यांच्यामागे त्यांची तळ्याखालची धानाची बांधी बाबा कसत होते. ती तिनं मागितली. पंच म्हणाले, पोथीत असेल तसं करू. भाटानं पणजोबांपासून नावं गात गात काकांच्या नावावर बोट ठेवलं आणि खालची ओळ वाचली, "पुढे वंश नाही." ती समोर अंगणातच बसली होती. म्हणाली, "मी तं जित्ती बसून राहिली ना इथं, मंग वंश नाही कसा?" भाट मान खाली घालून म्हणाला, "पोथीत लेकी लिहत नाही, बाई." मग ती माझ्याकडे वळली. "तू तरी सांग ना रे, मी कोनाची पोरगी आहो?" तिच्याच कडेवर मी वाढलो होतो. पण बाबाही माझ्याकडेच पाहत होते. मी म्हणालो, "पोथीत आहे तेच खरं." ती उठली आणि पाणीसुद्धा न पिता गेली. ती बांधी आज माझ्या नावावर आहे. भाटाचा नातू अजून येतो, पण माझ्या नावाखाली काय लिहिलंय ते मी त्याला विचारत नाही. मला एकच लेक आहे.