पेट्रोलचा वास आणि हिचा नंदादीप

ही गेल्यापासून चौदा महिने मी देवावर रुसून होतो. देवाधर्म आमच्या घरी तिच्याकडे असायचा. मी बँकेच्या नोकरीनं लखनौला आलो आणि निवृत्तीनंतर इथल्याच महानगर नावाच्या वस्तीत राहिलो. दत्ताच्या तसबिरीपुढे मी हात जोडायचो ते तिनं डोळे वटारले म्हणून. इस्पितळात निघाली त्या सकाळी तिनं नंदादीपात तेल घातलं, वात सारखी केली, "अहो, तेलाकडे बघा हं, विझू देऊ नका," म्हणाली, आणि परत आलीच नाही. मी तो दिवा विझू दिला नाही. वात बदलायची तर आधी नवी वात त्याच ज्योतीवर पेटवून घ्यायचो. ही भक्ती नव्हती. त्या ज्योतीला तिचा हात लागला होता, म्हणून ती मला हवी होती.

दुसरी तशीच गोष्ट म्हणजे आमची गाडी. ती चालवायची हीच. खसाचं अत्तर लावायची, आणि तो वास सीटच्या कापडात मुरला होता. उडून जाईल या भीतीनं मी काचा कधी उघडत नसे, अगदी जूनच्या उकाड्यातही. दिवाळीच्या सुमारास गाडीत पेट्रोलचा वास येऊ लागला. गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं, नळ्या चाचपल्या आणि म्हणाला, "कुछ नहीं है अंकल, वहम है आपका." टाकी भरली की वास वाढायचा, अर्ध्यावर आली की कमी व्हायचा. जन्मभर बँकेत मेळ बसवत आलो, पण हा साधा मेळ काही मला बसवता आला नाही. मला संताप यायचा तो हिचं अत्तर पुसलं जातंय याचा. यात जिवाला धोका आहे हे माझ्या मनातही आलं नाही.

मग दत्तजयंती आली. इथं आमची दहाबारा मराठी घरं आहेत. दरवर्षी एकाकडे जन्माचा पाळणा बांधतात आणि पाळण्याखाली आमचा नंदादीप ठेवतात. तो घरून तेवताच न्यायचा, असा हिचा नेम. तांदळाच्या डब्यात दिवा रोवून वर कंदिलाची काच ठेवायची आणि डबा मांडीवर घेऊन बसायची. त्या एका दिवशी गाडी माझ्या हाती असायची. आरतीनंतर बायका त्या दिव्यापाशी काय काय करत, ते मला ठाऊक नाही. मी तोवर पानावर बसलेला असायचो. गेल्या वर्षी मी गेलोच नव्हतो; या वर्षी मात्र हिचा नेम मोडायला नको म्हणून निघालो. पाळणा आलमबागच्या कुलकर्ण्यांकडे होता. सकाळी टाकी भरून आणली. दुपारी डबा शेजारच्या सीटवर ठेवला, भोवती हिची शाल गुंडाळली, वरून पट्टा लावला आणि निघालो. बाहेर धुकं होतं, काचा बंद होत्या. शेजारी ज्योत हलत होती आणि मला सारखं वाटत होतं, आता ही म्हणेल, "अहो, जरा हळू."

निशातगंजच्या गर्दीत गाडी अडली, तेवढ्यात कुणीतरी शेजारची काच ठोठावली. गळ्यात मफलर, हातात मटारची पिशवी, असा एक म्हातारा होता. मी वैतागून काच खाली केली.

"जनाब, आपकी शाल दरवाज़े में फँसी है, ज़मीन पर घिसट रही है," तो म्हणाला, आणि एकदम थांबला. नाकानं एक श्वास ओढला. मग काही न विचारता त्यानं हात आत घातला आणि दिव्यावरच्या काचेच्या तोंडावर तळवा दाबून धरला. ज्योत विझली.

मी किंचाळलोच. "ये क्या किया आपने? चौदह महीने से जल रहा था!"

"माफ़ कीजिए, पर पहले इंजन बंद करके उतरिए. पेट्रोल की बू, बंद शीशे और बगल में चिराग! आप ख़ुद जल जाते तो?"

मी इंजिन बंद करून उतरलो. त्यानं गाडी कडेला ढकलायला लावली, चारी दारं उघडवली, बॅटरीची तार काढली. तीस वर्षं गॅरेजमध्ये काढली होती त्यानं. "घुटने गए, नाक बची है," असं हसत म्हणाला. बॉनेटकडे ढुंकूनही न पाहता त्यानं मागची सीट उचलली. खाली एक झाकण होतं, ते काढल्यावर पेट्रोलच्या पंपाभोवती ओल दिसली. पंपाच्या तोंडावरचं रबराचं कडं वाळून चिरलं होतं. टाकी काठोकाठ भरली की तिथून पेट्रोल पाझरायचं आणि वास थेट आत यायचा. जवळच्या दुकानातून नवं कडं आणून त्यानं बसवलं, पुसून पुन्हापुन्हा हुंगून पाहिलं. मी आभार मानू लागलो तर पिशवी उचलत म्हणाला, "मेरा नहीं, शाल का शुक्रिया कीजिए." गर्दीत तो दिसेनासा झाला. त्याचं नावही विचारायचं मला सुचलं नाही.

उघड्या काचांनिशी थंडीत कुडकुडत आलमबागला पोचलो. अत्तराचा वास गेला होता. दारात कुलकर्णी वहिनी उभ्या होत्या. "वहिनी, हिचा दिवा विझला हो," एवढंच बोलता आलं, आणि भरल्या घरात मी लहान मुलासारखा रडलो.

त्यांनी मला देवघरात नेलं. तिथं एक लहानसा दिवा तेवत होता. "भाऊजी, वहिनींनी मागे एका दत्तजयंतीला आरतीनंतर तुमच्या दिव्यावरून हा लावून दिला होता. तेव्हापासून तेवतोय."

"अंकल, आंटी ने तो सबके घर दिया था," लखनौतच वाढलेली त्यांची लेक मागून म्हणाली.

मी एक ज्योत काचेआड दडवून बसलो होतो आणि हिनं ती केव्हाच घरोघर वाटून टाकली होती. वहिनींनी आमचा दिवा त्यांच्या दिव्यावरून लावला, जन्म झाला, पाळणा हलला. मी निघताना वहिनी आमच्या दिव्यावर काच ठेवू लागल्या तेव्हा मी म्हणालो, "राहू दे इथंच." विझू नये म्हणून धडपडणारा मी कोण? दिवा कुठं तेवत ठेवायचा आणि कुठं विझवायचा, हे त्या दत्ताला ठाऊक. शालीचं टोक दारात कसं अडकलं, हे मी स्वतःला विचारत नाही. तिची आठवण आजही तितकीच येते, गाडीत तर जास्तच.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी नवी पणती घेतली, काडी ओढून लावली आणि तसबिरीपुढे उभा राहिलो. डोळे वटारायला कुणी नव्हतं, तरी हात जोडले.