माझ्या कंबरेचे मार्क

मी शिरूरला हयातभर गणित शिकवलं आणि कोणालाही दहापैकी दहा मार्क दिले नाहीत. पैकीच्या पैकी दिले की पोरं शेफारतात, असं माझं मत. (पोरांचं माझ्याबद्दलचं मत शाळेच्या मुतारीत लिहिलेलं असायचं.)

रिटायर झालो आणि कंबर धरली ती धरलीच. जुने डॉक्टर तिच्याकडे न बघताच सुई टोचायचे, "वय झालं, सर," म्हणायचे. तशात चकलांब्याला पुतण्याचं लग्न ठरलं. मला पंगतीत मांडी घालून जेवायचं होतं हो! खुर्चीवर बसून जेवायचं म्हणजे लग्नात आलोय की दवाखान्यात, तेच कळत नाही. मग बायकोनं, सुमननं, मला बीडच्या नव्या डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन उभं केलं.

बाई तरुण, हसतमुख. म्हणाल्या, "काका, अजिबात दुखत नसेल तर शून्य. सहनच होत नसेल तर दहा. तुमचं किती?"

मार्क म्हटल्यावर माझ्यातला मास्तर जागा झाला. कंबरेचा नीट विचार केला आणि म्हणालो, "चार."

सुमन उडालीच. "चार? आवं, सकाळी चप्पल घालताना 'मेलो, मेलो' कोण वरडत होतं?"

"अगं, ओरडण्याचे मार्क वेगळे!"

"मॅडम, तुमी नऊ लिहा. ह्यांचं काय ऐकू नका."

"ए, मधे बोलायचं नाही! कॉपी चालणार नाही!"

"चार म्हणजे तसं थोडंच आहे," बाई म्हणाल्या. "साध्या गोळ्या देते मग."

गेली पंगत हातची! पण दिलेले मार्क बदलायचे कसे? फार तर साडेचार केले असते.

"बरं, मार्क राहू द्या. जरा खाली बसून दाखवा."

मी रुबाबात निघालो, अन् निम्म्यात कंबर अडकली! खाली जाईना, वर येईना. एका हातानं टेबल धरलेलं, दुसऱ्यानं बाईंचं वजनाचं मशीन! बाई वाकून म्हणाल्या, "आता किती, काका?"

"सहा," मी कण्हत म्हणालो.

"पास केलं बया एकदाचं!" सुमन म्हणाली.

मग मात्र बाईंनी नीट तपासलं, पंगतीचंही ऐकून घेतलं, व्यायाम शिकवले. म्हणाल्या, "हे दुखणं पूर्ण जाणार नाही, काका. पण खरं सांगितलंत तर आवरता येईल. हळूहळू बसायला जमेल. जमिनीवरून उठायचं पुढच्या वेळी शिकवते. तोवर पंगतीत बसायचं नाही."

एवढं प्रेमानं माझ्या कंबरेशी आजवर कोणी बोललं नव्हतं. व्यायाम मी इमानानं केले. शेवटचं वाक्य तेवढं लग्नाच्या गडबडीत विसरलो.

पंगतीत बसलो की! झकास मांडी! बुंदी हाणली, मठ्ठा प्यायलो. पंगत उठली. मी नाही उठलो.

वाढायला माझाच जुना विद्यार्थी बबन होता. त्यानं आणखी तिघं गोळा केले आणि चौघांनी मला मांडीसकट उचललं.

"हळू रे! जित्ता हाय मी!"

बायकांच्या पंगतीतून सुमन ओरडली, "आता किती, दहापैकी?"

"दहा!" मी बोंबललो. "दहापैकी दहा!"

बबननं मला तिथंच हवेत थांबवलं आणि कळवळून म्हणाला, "सर, आमचं गणित काय ह्या कंबरेपेक्षा वाईट होतं का हो?"