सुनेच्या झाडाले कूलर

शालू, सरक अशी जवळ. पुण्यात बसून वाचून राह्यली असशीन, तरी सरक. मावशी काय कापूस आहे, अंगाले लागली की खाज सुटंल? वर्षावर्षात एक चक्कर नाही, अन् माझी गोष्ट मात्र लग्नाच्या पंगतीत ऐकतेस, तीही उलटीपालटी! आता नीट ऐक. आमच्या घरी भर हिवाळ्यात कूलर चालला. इतकंच झालं. बाकी लोकांनी लावलं.

(बरं, थोडं आणखीही झालं.)

आमचा अविनाश फौजेत. त्यानं दार्जिलिंगकडच्या डोंगरातली पोरगी पसंत केली, लग्न केलं, घाटंजीले माझ्याजवळ आणून ठेवली अन् सुट्टी सरली म्हणून निघून गेला. पेमा तिचं नाव. गुणाची पोर. आल्या आल्या बुद्धाच्या फोटोसमोर हात जोडले अन् मले 'आमा' म्हणली; तिच्याकडं आईले आमा म्हणतात. सामान म्हणजे एक ट्रंक, अन् नारळाच्या काथ्यात बांधलेल्या चार काड्या.

"ये क्या है बाई?"

"सुनाखरी, आमा."

शहरातले लोक ऑर्किड म्हणतात, ते. तिच्या आईनं अंगणातल्या झाडावरून सोडवून दिलेलं. तिकडं थंडी सरली की फुलांनी लदते म्हणे. आमच्याकडं आल्यापासून नुसती पानं! पेमा रोज त्याच्यासमोर बसायची अन् तिचं तोंड एवढंसं व्हायचं.

त्या साली कापूस घरात आला तेव्हा ती म्हणली, "आमा, इस बार भी फूल नहीं आया तो मैं इसको घर ले जाऊंगी. यहाँ मर जाएगा."

घर म्हणजे तिच्या आईचं. अन् झाड काही एकटं रेल्वेत बसून जाणार नव्हतं! पोरगी एवढ्या लांब गेली की परत येईन का, कोणाले ठाऊक! म्हणलं, फूल आणूनच दाखवीन.

"ठंड में सोता है ये. ठंडा चाहिए, और पानी बंद."

थंडीचं मले पटलं. पाणी बंद काही पटलं नाही. आमच्या गावात माणसाले चहा न देता पाठवलं तर एकवेळ चालते. पाण्याविना पाठवलं तर पिढ्यान् पिढ्या नाव निघते. अन् हे तर बिचारं मुकं झाड!

आता थंड जागा आणायची कुठून? भाव असा पडलता की कोणी कापूस विकत नव्हतं. "भाव वाढंल, भाव वाढंल" म्हणत सगळ्यांनी घरातच भरून ठेवलता. आमची समोरची खोली खिडकीपर्यंत कापूस, कापसावर आमचे बुढे, तुझे काका, झोपलेले, अन् मी स्वयंपाकघरात खाजवत बसलेली. घरात थंड अशी जागा एकच, त्या खिडकीतल्या कूलरसमोरची. शेजारच्या सलीमभाईले हाक मारली. कूलर दुरुस्तीचं काम त्याचं.

"सलीमभाई, कूलरात नवीन गवत भरून दे."

"अभी, भाभी?"

"अभी."

"तबियत तो ठीक है ना?"

"माझी ठीक आहे. झाडाची नाही."

त्यानं बुढ्यांकडं पाह्यलं. बुढ्यांनी छताकडं पाह्यलं. गवत भरलं गेलं.

कूलर सुरू झाला. झाड कूलरसमोर, मागं कापूस, अन् कापसावर बुढे. कानटोपी, स्वेटर, घोंगडी, वरून माझं जुनं लुगडं!

"काय वं, झाड जगवून राह्यली का मले मारून राह्यली?"

"सुनेसाठी एवढं नाही होत तुमच्यानं?"

"सुनेसाठी होते. काडीसाठी नाही होत!"

लोडशेडिंगले अख्खा तालुका शिव्या देत होता. आमच्या घरी लाइट गेली की बुढे हात जोडत. मी मात्र येता-जाता झाडाले तांब्याभर पाणी टाकायची. पेमा दिसली की तांब्या पदराआड!

अन् काय सांगू, एका काडीले फुटवा आला! मी पेमाले ओढतच आणलं. ती वाकली अन् बोटानं फुटवा चाचपला.

"ये फूल नहीं है आमा. बच्चे हैं. ज्यादा पानी मिला तो फूल की जगह बच्चे देता है."

"मग चांगलंच झालं नं! एकाची दोन झाडं!"

ती हसली नाही. त्याच दिवशी तिनं ट्रंक बाहेर काढून पुसली. मले जेवण गेलं नाही.

तेवढ्यात भाव जरासा हलला अन् बुढे गाडीभर कापूस घेऊन बाजारात विकायले गेले. तिथल्या व्यापाऱ्यानं गाडीत कोपरापर्यंत हात घातला. ओला! वजन वाढवायले कापसावर पाणी मारणारे लोक असतात; पण आमचे बुढे? ज्यांनी जन्मात दुसऱ्याच्या बांधावरचं बोर उचललं नाही!

"काका, या वयात पाणी मारता?"

"मी नाही मारलं गा!"

"मग कोणी मारलं?"

"कूलरनं!"

"हिवाळ्यात?"

"सुनेच्या झाडाले थंडी पाह्यजे होती..."

लोक गाड्यांवरून खाली उतरून हसले म्हणे.

बुढे भरली गाडी घेऊन परत आले. कूलरची पिन उपटली. कापूस वर स्लॅबवर पसरला. मग झाड उचललं, वर नेलं अन् टीव्हीच्या अँटिनाले तारेनं टांगलं. खाली येऊन म्हणले, "जिन्याची पायरी चढली तं माझ्यासारखा वाईट नाही!"

मले तरी कुठं चढवत होतं? गुडघे गेलेले, मनही बसलेलं. कापूस वाळला, कसाबसा विकला गेला. झाड वर थंडी-वाऱ्यात कोरडंठाक लटकलेलं. पेमा कपडे वाळवायले वर जायची, खाली यायची, बोलायची काही नाही. ट्रंक भिंतीशी तशीच. मी तिच्याकडं पाहणंच सोडून दिलं.

होळीच्या आधी वरून हाक आली, "आमा! ऊपर आओ!"

बुढ्यांनीच हात देऊन चढवलं. पाहते तर पिवळ्या काड्या, पान एक नाही, अन् पेरापेराले जांभळी फुलं! मी रडलीच.

"असं अचानक कसं वं आलं?"

"अचानक नहीं, आमा. कब से कली थी."

"मग मले सांगितलं काहून नाही?"

तिनं बुढ्यांकडं पाह्यलं. बुढ्यांनी अँटिनाकडं.

"बताती तो तुम पानी डालती."

ट्रंक घेऊन पेमा गेली आईकडं, महिनाभर राह्यली अन् परत आली. झाड इथंच ठेवून गेलती. जाताना जिन्याच्या दाराची चावी मात्र सासऱ्याच्या हातात देऊन!

तेव्हापासून ते दर साली फुलते. थंडी लागली की मले एकच काम असते, काही न करणं. अन् खरं सांगू, जन्मभर राबली, पण एवढी कधी थकली नाही.

यंदाही कळ्या आल्या आहेत, असं बुढे म्हणतात. लवकर ये, शालू. घरात कोणीतरी पाह्यजे नं, ज्याले मी पाणी देऊ शकते!