शेवटच्या खुर्चीपासून

जानेवारीतला तिसरा शनिवार, सकाळचे अकरा. दुबईत अल कुसैसला नीलिमाचा फ्लॅट. हजर : तिचा नवरा श्रीकांत, मुलाकडे राहायला आलेले आप्पा, आमच्या मराठी मंडळातले सातआठ जण आणि मी. शारजाहून निघालेले अजून ट्रॅफिकमध्ये अडकलेले. शोकसभेतही मी हजेरी मांडत होते, सवयच ती... नीलिमा असती तर म्हणाली असती, "सेक्रेटरीबाई, मला गैरहजर लावा." हृदयविकाराचा झटका आला आणि ती गेली, त्याला तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता.

नीलिमा सॉफ्टवेअरमधली, घरूनच काम करायची. मुलांकडे राहायला आलेल्या आईवडिलांना आमच्या मंडळातलं कुणीतरी दर शनिवारी फोन करतं. इथं मुलं कामात आणि नातवंडं इंग्रजीत उत्तरं देणारी, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना मनसोक्त मराठी बोलायला तेवढाच एक फोन. कुणी कुणाला करायचा हे मी हातानं ठरवायचे. नीलिमानं त्यासाठी छोटा प्रोग्राम लिहून दिला. तो एकेका नावावरून पुढे जायचा. कुणी भारतात परत गेलं असेल तर ते नाव काढायचा, उरलेल्यांना फोन करणारा नेमून द्यायचा. सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका रविवारी आप्पांचाच मला फोन आला. "काल कुणी फोन केला नाही. माझं काही चुकलं का?" आवाज इतका पडलेला की मी तडक नीलिमाला गाठलं.

दुसरं कुणी असतं तर वैतागलं असतं. नीलिमाचे डोळे चमकले. "आणखी कोण सुटलं?" मी जुन्या याद्या पुढ्यात टाकल्या. दर वेळी नाव वेगळं. मी म्हटलं, योगायोग असेल. ती एकेका यादीवरून बोट फिरवत गेली... "अगं, ज्या आठवड्यात कुणी परत गेलंय, त्याच आठवड्यात कुणीतरी सुटलंय. आणि सुटलेलं नाव नेमकं गेलेल्याच्या खालचं!"

का, ते तिनं मंडळाच्या पुढच्या बैठकीत करून दाखवलं. ओळीनं पाच खुर्च्या, त्यावर पाच जण. या ओळीला त्यांच्यात अ‍ॅरे म्हणतात, एवढं सांगितलं आणि लगेच, "यल्ला, चला, बसा! मी खांद्याला हात लावला की तुम्हाला फोन आला असं समजा." पहिल्याला हात लावला. दुसऱ्याला म्हणाली, "तुम्ही पुण्याला गेलात, उठा." तो उठला, मागचे सगळे एकेक खुर्ची पुढे सरकले. तिसऱ्या खुर्चीवरचे आप्पा दुसरीवर आले. नीलिमा मात्र पुढचं पाऊल टाकून तिसऱ्या खुर्चीपाशी.

"ए पोरी, मी इथं बसलोय! पुढे कुठं निघालीस?"

"आप्पा, मी खुर्च्या मोजत चाललेय, माणसं नाही. तुम्ही सरकलात हे मला कळलंच नाही."

"म्हणजे मला कुणी काढलं नव्हतं?"

"तुम्हाला कोण काढणार? शेजारचा उठला, म्हणून तुम्ही सुटलात."

आप्पा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग नीलिमानं शेवटच्या खुर्चीपासून सुरुवात केली. मधला उठला तरी सरकणाऱ्यांना आधीच हात लावून झालेला. कुणी सुटलं नाही. मी लगेच विचारलं, मग पहिल्यापासूनच उलटं का नाही चाललीस? "सुचलं नाही गं," म्हणाली आणि तिसरी पद्धतही शोधायला लागली : चालताना कुणाला उठवायचंच नाही, नुसती खूण करायची, फेरी संपल्यावर काढायचं. चहा गार झाला तरी तिच्या खुर्च्या हलतच होत्या...

मंडळातली तिची कामं मी आठवड्याभरात वाटून टाकली. परवा श्रीकांतचा फोन आला. "ताई, आईंना यादीत घ्याल? मी ऑफिसला गेलो की दिवसभर एकट्या असतात." नीलिमाची आई, वर्षभर त्यांच्याकडेच आहेत. लेक घरात म्हणून यादीत कधी आल्याच नाहीत, आणि एवढ्या आठवड्यांत त्या आम्हा कुणाच्याच लक्षात आल्या नाहीत. मी म्हटलं, नंबर दे.

"त्यांना कुठाय वेगळा फोन? नीलिमाचाच असतो जवळ. वाजला की त्याच उचलतात."

नाव मी तेव्हाच घातलं, सगळ्यात शेवटी. नंबर मला पाठ आहे. तरी नावापुढची नंबरची जागा अजून भरलेली नाही, आणि उद्या शनिवार आहे.